अंतऱ्याला एकाने वर

करुणाचे वडील जगनराव भीमजयंतीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवायचे. गाण्यांची साथ ते आधीच कीबोर्डात भरून फ्लॉपीवर ठेवत. पुढे कीबोर्ड बंद पडला, फ्लॉप्या तेवढ्या उरल्या. करुणा हिंगोलीत घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. सुट्टी लागली तशी तिने ठरवलं, बाबांची गाणी त्यांना मोबाईलवर ऐकवायची.

फ्लॉपी वाचली गेली, पण फायली उघडल्या की नुसते ठोकळे आणि भलतीच चिन्हं. त्यांची रचना कुठे लिहून ठेवलेली सापडेना. आकडे न्याहाळून तिने अंदाज बांधला: प्रत्येक सुरासाठी एक आकडा कोणती पट्टी दाबली त्याचा, एक किती जोरात दाबली त्याचा, बाकीचे वेळेचे. तसा प्रोग्रॅम लिहून पहिलं गाणं लावलं. ध्रुवपद झकास वाजलं. अंतरा सुरू झाला आणि अख्खं गाणं अर्धा सूर वर सरकलं.

तिने तपासलं. अंतऱ्यापासून पुढे प्रत्येक पट्टीचा आकडा एकाने जास्त होता.

मोजणी एकाने चुकणं तर प्रोग्रॅममध्ये नेहमीचंच. तिने मोजणी शून्यापासून केली, मग एकापासून केली. काही फरक नाही. दुसरी फाईल सरळ वाजली, तिसरी पुन्हा चढली. प्रोग्रॅम चुकत असेल तर सगळ्याच फायलींत चुकायला हवा. फ्लॉपी खराब झाली म्हणावं, तर खराबी इतकी शिस्तीत कशी? शेवटी तिने अंतऱ्यापासून पुढे पट्टीच्या प्रत्येक आकड्यातून एक वजा केला आणि संध्याकाळी बाबांना बोलावलं.

जगनरावांनी डोळे मिटून ऐकलं आणि अंतऱ्याला उघडले.

"हे बिघडलं की."

"बिघडलेलं होतं, बाबा. मी दुरुस्त केलं."

"पहिलं लाव बरं."

तिने मूळ फाईल लावली. "आता बराबर," ते म्हणाले.

"बराबर कसं? काळी एकमध्ये चालू होतं अन् मधीच पांढरी दोनला जातं!"

"जाणारच. हे उत्तमराव गायचा ते गाणं हाय. अंतरा आला की ते गडी वर चढायचं. मंग मीच साथ वर नेऊन ठेवली. आपल्या पार्टीतली आशाबाई गायची, तिच्या गाण्यात न्हाई सापडायचं तुला."

सरळ वाजणारी सगळी गाणी खरोखरच आशाबाईंची निघाली. करुणाला हसू आलं. तिने तिथल्या तिथे जवळा बाजार गावी उत्तमरावांना स्पीकरवर फोन लावला.

"मी चढायचो?" उत्तमराव ओरडले. "अगं पोरी, तुझा बापच मधी पट्टी वाढवायचा! मी आपला धापा टाकत त्याच्या मागं. मला वाटायचं, मशीन बिघडून राहिलं त्याचं."

जगनरावांनी फोन हिसकावून घेतला. "काहून खोटं बोलतो रे?"

करुणा दोघांचं ऐकतच राहिली. आधी गायक चढला की आधी साथ? तिने फायलींच्या तारखा पाहिल्या. सगळ्यांवर एकच तारीख, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. कीबोर्डातलं घड्याळ कुणी कधी लावलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी उत्तमराव घरी आले. करुणाने काही न सांगता वजा केलेली, सरळ साथ लावली. उत्तमराव सतरंजीवर बसून गायले. आवाज जरा फाटला होता, पण ध्रुवपद सुरात लागलं. अंतरा आला, साथ खालीच राहिली आणि उत्तमराव अर्धा सूर वर निघून गेले.

"बघ!" जगनरावांनी मांडीवर थाप मारली. "म्या म्हणलं व्हतं का न्हाई?"

उत्तमराव थांबले, पाणी प्याले.

"तुझीच तर सवय लागली मला," ते म्हणाले.

करुणाने लॅपटॉपकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. तिने प्रोग्रॅममधली एक वजा करणारी ओळ काढून टाकली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.