राजलक्ष्मीबाईंच्या दारावरची पाटी

मी पाटी बोलतेय. नेरूळमधल्या सिडकोच्या एका बैठ्या घराच्या दाराशेजारी लटकलेली पत्र्याची पाटी. थोडी गंजलेय, पण माझं ऐकून जा.

सारसोळ्याच्या गंगाराम पेंटरनं मला पांढरा रंग दिला आणि तिथंच गाडी अडली. राजलक्ष्मीबाईंना नावच सुचेना! नवरा धनाजी गेल्यापासून त्या एकट्याच. बेलापूरच्या वकिलांचे कागद घरी बसून टाइप करायच्या. धंद्याला नाव हवं म्हणून मला आणलं, अन् कोरीच कॉटखाली ढकलली. बाई गं, काय ते दिवस! अंगावर धूळ आणि कानाशी टाइपरायटरची टकटक.

सल्ले द्यायला मात्र रीघ. शेजारणी म्हणाल्या, "देवाचं नाव ठेवा, टेन्शनच नाय." साताऱ्याहून धाकटे दीर हौसेराव आले, ते तर हुकूमच सोडून गेले.

"वहिनी, पाटीवर दादाचंच नाव पायजे. दुसरं लावलंत तर आमची पायरी चढू नका."

बाई मला बाहेर काढायच्या, खडूनं 'धनाजी टायपिंग' लिहायच्या, बघत बसायच्या आणि पुसून टाकायच्या. नवऱ्यावर जीव होता हो त्यांचा. पण बोटं झिजत होती ती यांची.

एकदा माझ्याशीच बोलल्या. "लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं राजलक्ष्मी लिहिलं आणि माझी राही संपली. आई तेवढी राही म्हणायची, तीही गेली. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही गं."

मला भडभडून आलं. पत्र्याला रडता येत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गंगाराम ब्रश घेऊन दारात. "ताय, नाव सांग ना. रंग सुकतंय."

"राही टायपिंग," बाई म्हणाल्या.

दिरांनी खरंच येणं-जाणं तोडलं. दिवाळीला साधं पत्रही नाही. वकील यायचे, "मॅडम" म्हणायचे, कागद घेऊन जायचे. नाव माझ्या अंगावर, पण कुणाच्या तोंडी नाही. मला वाटलं, झालं! बाईंनी माणसंही गमावली आणि नावही फुकट गेलं.

मग एका दुपारी एका वकिलाचा नवा कारकून आला, सदू. माझ्यावरचं वाचून ओरडला, "ओ राहीताई, कागद झाले का?"

टकटक थांबली. बाई दारात आल्या. "काय म्हणालात?"

"कागद झाले का, विचारलं."

"त्याच्या आधी?"

सदू गडबडला. "राहीताई. का ओ, चुकलं काय?"

"नाही ओ, नाही," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून दारातच रडल्या.

आता बेलापुरात घरोघर कॉम्प्युटर आलेत. सदूही फिरकत नाही. दार दिवसभर लोटलेलंच असतं, आत बाई एकट्या. तुम्ही कधी इकडून गेलात तर थांबा. काम नसलं तरी चालेल. बेल मात्र वाजवू नका. माझ्यावरचं नाव वाचा आणि मोठ्यानं हाक मारा.