परत एकदा

"आणखी किती वेळ?" कानावरचा हेडफोन सरकवत तिनं विचारलं.

"झालंच, ताई. शेवटची फेरी," डॉक्टरीण म्हणाली.

रुग्णालयाच्या धुलाईघरातली सकाळची पाळी उरकून ती आली होती. पोटऱ्या भरून आल्या होत्या. लेकीला वाचता येईना म्हणून तिची तपासणी झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी मग आईलाही बसवलं. हेडफोनमध्ये कुणीतरी एका सुरात अर्थ नसलेलं बोलत होतं. बीदाकूतीपागोबीदाकू... कोणती तीन अक्षरं कायम लागोपाठ येतात, एवढंच ओळखायचं. तिला सगळा एकच लोंढा वाटत होता.

"बहुतेकांचा मेंदू न सांगता असा क्रम पकडतो," निकाल बघून डॉक्टरीण म्हणाली. "काहींच्या मेंदूत ऐकलेल्या आवाजाची ओळख लवकर पुसली जाते. पुढच्या वेळी तो नवाच वाटतो, म्हणून अक्षर-आवाजाची सांगड बसायला, वाचायला जड जातं. तुम्हा दोघींचं तसंच दिसतंय."

"म्हणजे आम्ही मठ्ठ?"

"छे! जास्त वेळा ऐकावं लागतं, इतकंच."

इतकंच! चाळीस वर्षांत तिनं सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. कुठली चादर कुठल्या वॉर्डाची, हे ती काठाच्या दोऱ्याच्या रंगावरून ओळखायची.

घरी दादा होता, निवृत्त शाळामास्तर. लहानपणी त्यानंच तिला शिकवायला घेतलं होतं. एकदा सांगायचा, दुसऱ्यांदा चुकली की पट्टी. चौथीत तिनं शाळा सोडली, तेव्हा "सुटलो बुवा" म्हणाला होता.

डॉक्टरीण जे बोलली, ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. दादा बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"मला तरी कुणी सांगितलं होतं तेव्हा?"

"मी कुठं काय म्हणतेय?" ती म्हणाली. भांडायचं त्राणच नव्हतं. भाजी टाकायला ती आत गेली.

थोड्या वेळानं दादानं भाचीला हाक मारली. पानं उलटल्याचा आवाज आला.

"पा-ऊ-ल-वा-ट. पाऊलवाट. म्हण."

पोरगी अडखळली.

"बरं. परत ऐक. पा-ऊ-ल..."

पाचव्या खेपेला त्याचा आवाज घोगरा झाला, पण चढला नाही. कढईत भाजी करपू लागली. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेतानं, ती ओठ हलवत राहिली.