मुंबई ते पणजी, सावकाश

पहिला मुक्काम मुरूडला करायचा असं ठरलं, त्याच संध्याकाळी प्रमिलाताईंची बेडरूम मुरूडला गेली.

आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. ताई वाचायचा चष्मा आणायला उठल्या, बेडरूमचं दार उघडलं आणि तिथेच थांबल्या. दारामागे भिंत होती. कोरडी, पांढरी, नुकताच रंग दिल्यासारखी.

"चष्मा आत राहिला," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. मुरूडचे भोईर बोलत होते. त्यांच्याकडे उतरायचं आम्ही दुपारीच ठरवलं होतं.

"खोली पोचली," भोईर म्हणाले. "दोन माडांच्या मध्ये बसवलीय. पंखा जरा कुरकुरतोय. तेल घालून ठेवतो."

"पलंगावर माझा चष्मा आहे का बघा."

"उशीखाली आहे. राहू दे. तुम्ही येणारच आहात ना?"

ताईंनी फोन ठेवला, टेबलावरच्या नकाशाजवळ नाक नेलं आणि म्हणाल्या, "चल उज्ज्वला, दुसरा मुक्काम."

प्रमिलाताई माझ्या थोरल्या नणंद. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर डोळे मिटून कोकणचा किनारा काढायच्या, एकेका खाडीसकट. पण पणजीला जायचं तर कायम रात्रीची बस. भाऊजी असेपर्यंत तसंच. बोरिवलीला डोळे मिटायचे, पणजीला उघडायचे. आता भाऊजी नव्हते आणि ताई पणजीला कायमच्या निघाल्या होत्या, मुलीकडे. बोरिवलीचं घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं.

मृणाल रोज फोन करायची. "आई, विमानाने ये ना. तासाभरात पोचशील."

"तासाभरात नको," ताई म्हणायच्या. आणि फोन ठेवल्यावर मला सांगायच्या, "तासाभरात मी तिच्या घरची होऊन कशी उतरणार? मला आठवडा तरी लागेल."

म्हणून गाडीने जायचं ठरलं. समुद्राच्या कडेकडेने, दिवसाला फार तर चार तास. गाडी ताई चालवणार होत्या. लायसन्स त्यांनी एकसष्टाव्या वर्षी काढलं होतं. मला गाडी येत नाही. मी सोबत म्हणून जायचं, आणि पणजीहून ट्रेनने परत यायचं.

दुसरा मुक्काम श्रीवर्धन ठरला, आणि बाल्कनी गेली. आम्ही कपडे काढून घ्यायच्या आत गेली. तिकडच्या माणसाने कळवलं की बाल्कनी किनाऱ्यावर बसलीय, पण तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरच आहे, खाली यायला तयार नाही. शिडी लावावी लागेल.

"दोरीवरचे कपडे?" मी विचारलं.

"वाळले," तो म्हणाला.

तिसरा मुक्काम गुहागर. या वेळी आम्ही शहाण्या झालो होतो. पेन्सिल टेकवायच्या आधी टेबल, दोन खुर्च्या आणि ताईंची वळकटी स्वयंपाकघरात आणली. मग ताईंनी गुहागरवर गोल काढला आणि हॉल गेला. हॉलमधल्या पंख्याच्या हवेने टेबलावरचे कागद हलत होते, ते हलायचे थांबले, एवढंच. गुहागरच्या ओकांनी सुपारीच्या बागेत त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती.

मग राहिली मृणालची लहान खोली. तिच्या चौकटीवर मृणालच्या उंचीच्या खुणा होत्या, दुसरीपासून दहावीपर्यंत. गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला एक चांगली जागा होती, पण ताईंची पेन्सिल पुढे सरकेना. शेवटी त्यांनी मृणालला फोन लावला.

"तुझी खोली पाठवू का गं मालगुंडला?"

मृणालने विचारलं, "तिथून समुद्र दिसतो?"

"दिसतो."

"आपल्या खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसायची. पाठव आई. आणि पडदे काढून ठेव."

पडदे काढले, खोली पाठवली.

आता नुसतं स्वयंपाकघर उरलं होतं. घरातून खोल्या गेल्या तशी आजूबाजूची घरं सरकत आली होती. पलीकडच्या सबनीसांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही आपल्याच समजून मोजत होतो. ओट्याशी उभं राहिलं की पाठ टेबलाला लागायची, आणि टेबलाशी बसलं की गुडघे भिंतीला. ताई मजेत होत्या. "बघ, हात लांब केला की सगळं मिळतं," म्हणायच्या आणि बसल्या बसल्या चहा करायच्या. सामान बांधायचं राहिलंच नव्हतं. ट्रकवाल्याला नको म्हणून कळवलं.

पाचवा मुक्काम मालवण. टेबल या वेळी हलवायला जागाच नव्हती. मी बसल्या बसल्या गोल काढला आणि पुढच्या क्षणी आम्ही दोघी जिन्यात उभ्या होतो. माझ्या हातात पेन्सिल आणि नकाशा होता, ताईंच्या हातात कप. पाठीमागे घराचं दार होतं, दारामागे काही नव्हतं.

सोसायटीचे सेक्रेटरी पेंढारकर किल्ली घ्यायला आले. त्यांनी दार उघडलं, आत पाहिलं, बंद केलं.

"फारच स्वच्छ केलंत," ते म्हणाले.

जिन्यावर बसून ताईंनी नकाशा मांडीवर घेतला. "मालवण ते पणजी एका दिवसात होईल तसं. पण मधे शिरोडा आहे. मी कधी पाहिलं नाही."

"ताई, पाठवायला खोली नाही आता."

"तिथे गेल्यावर बघू काहीतरी," असं म्हणून त्यांनी शिरोड्यावर गोल काढला. मी वाट पाहिली. जिना जागेवर राहिला.

सोमवारी सकाळी आमच्या घरून निघालो. गाडी लाल, लहान, जुनी. पहिले दोन तास ताई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. रेवदंड्याच्या पुलावर त्यांनी पहिल्यांदा खांदे खाली सोडले. "अगं, हे मी फळ्यावर चुकीचं काढायची," त्या म्हणाल्या. "खाडी त्याहून रुंद आहे."

मुरूडला चष्मा उशीखाली होता. भोईरांनी सांगितलं, आदल्या दिवशी साताऱ्याचं एक जोडपं खोलीत राहून गेलं, त्यांना फार आवडली. ताईंना ते ऐकून बरं वाटलं. सकाळी निघताना त्यांनी पलंगावरची चादर नीट केली आणि दार ओढून घेतलं. कुलूप लावलं नाही.

श्रीवर्धनला शिडी चढून बाल्कनीत गेलो. खाली घर नाही, बाजूला घर नाही. नुसती बाल्कनी, तुळस आणि दोरीवरचे कपडे. आम्ही कठड्याला पाय लावून सूर्य बुडेपर्यंत बसलो.

पंचाईत व्हायची ती खाड्यांवर. वाटेतल्या बऱ्याच खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, आणि बोटीवर गाडी उलटी चढवायची. ताईंना रिव्हर्स येत नव्हता. दिघीच्या खाडीवर बोटीवरच्या माणसाने गाडी चढवून दिली. बाणकोटच्या खाडीवर आणखी एकाने. दाभोळला ताई स्वतः बसल्या, अर्ध्यात गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि त्यांनी उतरून किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली. बोट सुटल्यावर त्या कठड्याशी तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

"पणजीला मृणाल मला गाडी चालवू देणार नाही," त्या म्हणाल्या. "मायेनेच नाही म्हणेल. त्याच्या आत मला हे यायला पाहिजे."

गुहागरला ओकांच्या बागेत हॉल होता. सुपारीची झाडं खिडक्यांना लागून उभी होती. ओक रिकाम्या अंगणात चार विटा ठेवून ताईंना दोन तास रिव्हर्स शिकवत राहिले. "आरशात बघा हो, माझ्याकडे नको," असं ओरडत होते. सातव्या वेळेला एकही वीट पडली नाही. जयगडच्या खाडीवर ताईंनी गाडी चढवली. तिरकी चढली, पण चढली. बोटीवरचा माणूस म्हणाला, "मावशी, आता सरळ केली तरी चालेल." ताई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले.

मालगुंडला मृणालच्या खोलीतून समुद्र दिसत होता. ताईंनी चौकटीतल्या खुणांचा फोटो काढून तिला पाठवला. लगेच उत्तर आलं, "दहावीची खूण वर सरकलीय का?" मी मोजून पाहिलं. चार बोटं सरकली होती. समुद्राची हवा मानवली असावी.

मालवणला स्वयंपाकघरात ताईंनी स्वतः बांगडे तळले. पाठ टेबलाला लागत नव्हती.

शिरोड्याला आम्ही शनिवारी दुपारी पोचलो. रस्त्याच्या कडेला आरोसकरबाईंचं घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे सुरूची झाडं. तीन खोल्या, तिन्ही भरलेल्या. बाई बाहेर आल्या, गाडीच्या मागे कोणी येतंय का ते पाहिलं.

"खोली अजून येवक नाय," त्या म्हणाल्या.

"खोली नाहीच आहे," मी म्हणाले. "संपल्या."

"गाडीत झोपू," ताई म्हणाल्या.

आरोसकरबाई विचार करत माझ्याकडे पाहत राहिल्या. मग जवळ येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर वीत लावली. डाव्या खांद्यापासून उजव्यापर्यंत आणि मग खाली. मला गुदगुल्या झाल्या.

"दहा बाय बारा आरामात होतला," त्या म्हणाल्या. "उजेड पण बरो आसा."

"माझ्यात?"

"कोणी सांगूक नाय तुका?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ताईंकडे पाहिलं. ताई तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

"नको," त्या म्हणाल्या. "उज्ज्वलाला मी सोबत म्हणून आणलंय. तिला ठेवून कशी जाऊ?"

"ताई, तुम्ही आत येऊन तर बघा," मी म्हणाले. असं म्हटल्याबरोबर पाठीत कुठेतरी एक दिवा लागला. मला तो दिसला नाही, पण ऊब कळली.

ताईंनी चपला काढल्या आणि आत आल्या.

सकाळी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते आणि चेहरा ताजा होता. "इतकी झोप मला भाऊजी तुझे असताना लागायची," त्या म्हणाल्या, मग स्वतःच्या बोलण्यावर हसल्या. "माझे. माझे हे असताना. वारा दोन्हीकडून येतो गं तुझ्यात."

"पंखा?"

"आवाज नाही."

आरोसकरबाईंनी आणलेला चहा आम्ही अंगणात घेतला. मला पायऱ्या उतरून खाली बसता येईना, म्हणून ताई माझ्याशेजारी उभ्या राहून प्यायल्या. माझे पाय अंगणाला नीट बसले होते. दुखत नव्हतं. घट्ट मोज्यांत पाय घातल्यासारखं वाटत होतं.

"मृणालला काय सांगू?" ताईंनी विचारलं.

"सांगा, गाडी एकटीने चालवत आले."

त्यांनी मला दोन्ही हातांनी मिठी मारली. त्यांचे हात आता पुरत नव्हते, कोपऱ्यांपर्यंतच पोचले. मग त्या गाडीत बसल्या, आरशात पाहिलं, अंगणातून गाडी उलटी काढली, एकदम सरळ, आणि रेडीच्या रस्त्याला लागल्या. वळणावर त्यांनी हॉर्न दोनदा वाजवला.

दहाच्या सुमाराला फोन आला. मागे इंजिनाची धडधड होती, वाऱ्यात शब्द तुटत होते. "तेरेखोल!" ताई ओरडत होत्या. "फेरीबोटीवर आहे! चढवली गं! सगळे बघत होते!"

त्यांच्यामागून शेखरचा, माझ्या नवऱ्याचा फोन आला.

"कुठवर पोचलात?"

"ताई तेरेखोलला. मी शिरोड्याला आहे."

"किती दिवस?"

"ते आरोसकरबाईंना विचारायला लागेल. बुकिंगवर आहे."

शेखरने विचारलं, "पुढच्या शनिवारी रिकामी आहेस का? मी येईन म्हणतो. सावकाश येईन, गाडीने."

मी आरोसकरबाईंना विचारलं. त्यांनी वही पाहिली. शनिवार मोकळा होता. शेखरचं नाव लिहून घेतलं.

अकरा वाजता एक पांढरी गाडी अंगणात थांबली. कोल्हापूरची पाटी. पन्नाशीची एक बाई उतरली, मागून तिचा नवरा, हातात नकाशा घेतलेला. बाईने माझ्याकडे पाहून विचारलं, "खोली बघता येईल का?"

"या ना," मी म्हणाले.

ती आत गेली. दिव्याची बटणं एकेक करून लावून पाहिली, गादीवर हात दाबला, पाण्याचा नळ सोडला आणि बंद केला. मला बरं वाटत होतं. मग तिची पावलं आणखी आत गेली, मला माहीत होतं त्याहून बरीच आत.

"अहो, इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. "इथे आणखी एक दार आहे."

मी श्वास रोखून उभी राहिले. आत कडी निघाल्याचा आवाज आला.