शिंदीचा क्रूस

आमच्या गल्लीत उपवासकाळाची चाहूल मटणाच्या वासाने लागायची. बुधवारी कपाळाला राख लागली की थेट ईस्टरपर्यंत मटण-मासळी बंद. त्यामुळे आदल्या मंगळवारी घराघरांत उद्या जगबुडी असल्यासारखी चूल पेटायची. पुरुष मंडळी तंबाखू सोडायची. म्हणजे आमच्यादेखत सोडायची; देवळाली कॅम्पात कामावर गेल्यावर काय करायची ते देव बघत होता, मी नाही.

सहादूभाऊ मात्र खरंच सोडायचा. तो आमच्या शेजारच्या तानुबाईचा नवरा, कॅम्पातल्या एका मेसमध्ये माळी. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद देऊन वाटायला नाशकात नारळाच्या झावळ्या कुठून आणणार? सहादूभाऊ ओढ्याकाठची शिंदी तोडून आणायचा आणि मिस्सेचा विधी संपला की चर्चच्या पायरीवर बसून तिच्या पात्यांचे क्रूस विणायचा. गल्लीतल्या प्रत्येक घराला एक. तो क्रूस वर्षभर येशूच्या तसबिरीमागे खोचलेला असायचा आणि पुढच्या उपवासकाळाच्या तोंडावर चर्चला परत जायचा. तिथे सगळे जुने क्रूस जाळायचे, आणि तीच राख बुधवारी फादर आमच्या कपाळाला लावायचे.

एक्याऐंशी साली उपवासकाळ आला तेव्हा सहादूभाऊ नव्हता. पोटाच्या दुखण्याने आदल्या भादव्यात गेला. त्याचा शेवटचा क्रूस तानुबाईच्या घरात होता. विणताना त्याचे हात थरथरत होते, त्यामुळे क्रुसाची एक बाजू आखूड झाली. तानुबाई तेव्हा हसून म्हणाली होती, "लंगडा केला की हो." तोही हसला होता.

तो गेला त्या दिवशी तानुबाईने पदराने आपलं कुंकू पुसलं. फादर म्हणाले, आपल्यात याची गरज नाही. ती म्हणाली, "तुमच्यात नसंल." पुढे गल्लीतल्या एका मुलीच्या हळदीला तिला बोलावलं तर उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. कुणा सवाष्णीच्या किंवा नवरीच्या कपाळाला हात म्हणून लावायची नाही. मी तिच्याशी यावरून कडाकडा भांडले, पण ती कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती.

राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी फादरांनी जुने क्रूस आणून द्यायची आठवण केली, तेव्हा ती माझ्या कानाशी लागली. "विमलाबाई, मी नाय देणार. देवाला राग आला तर येऊ दे."

"नको देऊस," मी म्हटलं. "फादर काय घरात शिरून झडती घेणार आहेत?"

पण हे तिने मला सांगितलं, सुनेला नाही. तिथेच सगळं फसलं.

सून लता शरणपूरच्या प्रॉटेस्टंट घरातली. त्यांच्यात राख नाही की क्रूस परत करणं नाही. सहादूभाऊनेच तिला पसंत केलं होतं. ती आदल्या मे महिन्यात लग्न होऊन आली, म्हणजे झावळ्यांचा रविवार होऊन गेल्यावर. सासऱ्याला पायरीवर विणताना तिने कधी पाहिलंच नाही. आमच्या रीती शिकायची मात्र तिला एवढी हौस, की जपमाळेची प्रार्थना माझ्या मुलींच्या आधी तिला पाठ झाली.

मंगळवारी तानुबाई आजारी बहिणीला बघायला सिन्नरला गेली होती. सकाळी चर्चमधल्या सिस्टर जुने क्रूस गोळा करायला टोपली घेऊन गल्लीत फिरल्या. लताने तसबिरीमागचा क्रूस काढला, पदराने धूळ पुसली आणि टोपलीत ठेवला. संध्याकाळी सासू एस्टीतून उतरून घरी आली, तेव्हा चुलीवर मटण शिजत होतं आणि सून खुशीत होती.

"आई, मी आपला क्रूस दिला हो. लक्षात ठेवून दिला."

मी तिथेच होते, वाटीभर खोबरं मागायला गेलेली. तानुबाईने तसबिरीकडे पाहिलं. खुर्ची ओढून वर चढली, मागे हात घालून पाहिलं. मग उतरली आणि चप्पलही न घालता चर्चकडे निघाली. मी तिच्यामागे पळाले.

चर्चच्या मागच्या अंगणात फादर घमेल्याशी उकिडवे बसले होते. चहाच्या गाळणीने राख चाळत होते. तानुबाई त्यांच्यासमोर बसली. मग विचारलं, "फादर, यातली त्यांची कोणती?"

फादर वसईकडचे, बोलायला कधी अडायचे नाहीत. पण मी सगळं सांगितल्यावर त्यांनी गाळणी खाली ठेवली. "तानुबाई, मला नाही सांगता यायचं," एवढंच म्हणाले.

मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो. मी ओरडलेच, "अगं, सगळेच क्रूस त्याने विणलेले. यातली कुठली राख त्याची नाही, ते सांग."

तिने ऐकलं की नाही कोण जाणे. घमेल्याच्या कडेला बोट लावून पाहिलं. अजून कोमट होतं. घरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडली. सुनेला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर पोरगी सुटली असती. लता माझ्या ओट्यावर येऊन हमसून रडली. "मावशी, मी माहेरी जाते. त्यांना माझं तोंड कसं दाखवू?"

"गप बस," मी म्हटलं. "मटण उतरव आधी, करपेल."

त्या घरात ते मटण कुणी खाल्लं नाही.

बुधवारी संध्याकाळच्या मिस्सेला मी तानुबाईला जवळजवळ ओढतच नेलं. लता आमच्या मागून, चार पावलं सोडून चालत होती. चर्चमध्ये आम्ही बायका सतरंजीवर बसायचो. लता पुढे आलीच नाही, दारालगत भिंतीला टेकून बसली. राखेसाठी रांग लागली तेव्हा मी तिला खुणेने बोलावलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. ज्या राखेने सासूचं काळीज जाळलं ती राख कपाळाला कशी लावून घेऊ, असं तिने मला निघायच्या आधीच सांगितलं होतं.

तानुबाई माझ्या पुढे होती. फादरांनी अंगठा राखेत बुडवला, तू मातीच आहेस असं हळू म्हणत तिच्या कपाळावर क्रूस काढला. भादव्यापासून मोकळं असलेलं ते कपाळ. ती जागची हलेना. मागची रांग खोळंबली. मग ती वळली आणि तिने चर्चभर पाहिलं. माझी पोरं, दूधवाल्याची म्हातारी, शेवटच्या ओळीतले तंबाखू सोडलेले बापे. राख घेऊन बसलेल्या सगळ्यांच्या कपाळावर काळा क्रूस. तिचे ओठ हलले. "सगळ्यांना लावलं त्यांनी," ती म्हणाली. मला वाटतं, मला म्हणाली. ते 'त्यांनी' म्हणजे फादर नव्हेत, एवढं मला कळलं.

राख लावून मी परत आले तर ती आपल्या जागेवर नव्हती. दाराशी, सुनेसमोर गुडघ्यांवर बसली होती.

"वर बघ."

"आई, मला नको. मीच तर..."

"वर बघ म्हनते ना."

तानुबाईने स्वतःच्या कपाळावर अंगठा घासला. पोरीच्या कपाळाशी नेला आणि तिथेच थांबली. हात हवेत तसाच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी अडवीन असं तिला वाटलं की काय देव जाणे. मी डोळे पुसत होते.

मग तिने तो अंगठा सुनेच्या कपाळावर, कुंकवाच्या वर टेकवला. उभी रेघ काढली, आडवी काढली. राख पुरली नाही, एक बाजू आखूड राहिली.

"लंगडा झाला," तानुबाई म्हणाली. "असू दे. त्यांच्या हातचाच हाय."