कपाट जिंकेल का?

माझ्या नवऱ्याला सगळे कपाट म्हणायचे. बॉक्सिंगमध्ये येण्याआधी तो सामान हलवणाऱ्या कंपनीत होता. एकदा लिफ्ट बंद होती, तेव्हा त्याने आरशाचं लाकडी कपाट पाठीवर घेऊन एकट्याने चौथ्या मजल्यावर नेलं. वर पोचल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, आमचं घर पाचव्यावर आहे." त्याने ते निमूट पुन्हा उचललं. ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा आणि दर वेळी एक मजला वाढवायचा. आमच्या लग्नापर्यंत इमारत नऊ मजली झाली होती.

त्याला रिंगमध्ये आणलं माझ्या मामाने. मामा कोच. माझ्या बाबांनाही त्यानेच शिकवलं होतं. बाबाही हेवीवेटच होते आणि एकदा किताबाच्या लढतीपर्यंत पोचले होते. त्या सकाळी आईने त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "तुम्हीच जिंकणार, मला दिसतंय." बाबा पाच वेळा पडले आणि पाचही वेळा उठले. "मी तसं बोलले नसते तर कदाचित तिसऱ्यांदा ते खालीच राहिले असते," असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. आता बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत असतात. जीभ जड झालीये, हात थरथरतात. दिवसातून वीस वेळा विचारतात, "कितवी फेरी?" मी म्हणते, "मधली सुट्टी आहे बाबा, दोन घास खाऊन घ्या."

आमचं लग्न ठरलं, तेव्हा कपाट एक अख्खी दुपार बाबांजवळ बसला होता. जाताना मला जिन्यात म्हणाला, "एक कबूल कर. रिंगबद्दल माझ्याशी कधी खोटं बोलायचं नाही. मी जाडा झालो तर बारीक म्हण, गाणं म्हटलं तर गोड म्हण. पण रिंगबद्दल नाही."

मी कबूल केलं. ते अवघड जाईल असं वाटलंसुद्धा नाही. मी रुग्णालयात एक्स-रे काढते. माणसाच्या आत जे आहे ते दिसतं तसं सांगायचं, एवढंच माझं काम. संध्याकाळी जिममध्ये घड्याळ घेऊन त्याच्या फेऱ्या मोजायचे आणि रात्री जेवताना सांगायचे, आज पाय जड होते, आज डावा हात छान चालला. तो मान डोलवायचा आणि आणखी भात घ्यायचा.

लग्नानंतर नऊ वर्षांनी त्याला किताबाची लढत मिळाली, तीही नशिबाने. चॅम्पियनशी लढणारा दुसराच होता. त्याचा घोटा दुखावला आणि सात आठवड्यांत कोणीतरी हवा होता.

"त्यांना पडायला एक मोठं धूड हवंय," मामा म्हणाला. "पण आपण नाही पडलो तर?"

चॅम्पियन तेवीस लढतींत हरला नव्हता. त्यातल्या एकवीस त्याने समोरच्याला झोपवून जिंकल्या होत्या. पेपरांत अकरा जाणकारांची भाकितं आली. अकराही जणांनी चॅम्पियनचं नाव घेतलं. एकाने लिहिलं, कपाटाला तिसऱ्या फेरीत कुलूप लागेल. माझ्या नवऱ्याने ती सगळी कात्रणं न्हाणीघराच्या आरशाभोवती चिकटवली. दाढी करताना तो मोठ्याने वाचायचा आणि हसायचा.

पाच आठवडे राहिले असताना त्याचा डावा खांदा दुखायला लागला. त्याचा एक्स-रे मीच काढला. सांध्याजवळ चुन्यासारखा पांढरा साका जमला होता. डॉक्टर म्हणाले, तीन महिने हात उचलायचा नाही. मामाने त्याच्या खांद्यात सुई टोचवली, बर्फ लावला, कोणाला काही सांगितलं नाही. डॉक्टर सोडले तर ही गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती. घड्याळ हातात धरून मी रोज तेच पाहत होते. पाच फेऱ्या ठीक जायच्या. सहावीनंतर डावं कोपर हळूहळू खाली यायचं, आणि ते खाली आलं की डावा गाल उघडा पडायचा. चॅम्पियनचं खरं शस्त्र होतं उजव्या हाताचा ठोसा.

लढतीच्या चार दिवस आधी टीव्हीवाले घरी आले. त्यांनी बाबांना विचारलं, जावई जिंकेल का? बाबा म्हणाले, "जिंकेल पोरगा." बाबा पोस्टमनलाही हेच सांगायचे. मग मुलाखत घेणाऱ्याने माझ्यापुढे माइक धरला. "वहिनी, तुमचं भाकीत काय?"

नवरा माझ्याकडे बघत होता. खांद्याचं बोलता येत नव्हतं, आणि दुसरं काही सुचेना.

"तो धड घरी यावा," मी म्हणाले, "एवढंच."

ते लोक गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. मी कप विसळत होते.

"आता कॅमेरा नाही. सांग."

"काय सांगू?"

"तुला माहितीये काय ते."

मी नळ बंद केला. "नाही जिंकणार. सहाव्या फेरीपर्यंत तू त्याला जड जाशील. मग खांदा साथ सोडेल, त्याचा उजवा येईल आणि तू पडशील. पडण्याची मला भीती नाही. तू उठत राहशील, त्याची आहे. ही लढत सोड. माझ्यासाठी सोड."

त्याने कप पुसायचं फडकं घेतलं, त्याची नीट चौकोनी घडी केली, पुन्हा उलगडली.

"त्या अकरा जणांचं मी आरशाला लावलं," तो म्हणाला. "तुझं कुठे लावू?"

तो रागावला नव्हता. चार दिवस नेहमीसारखाच वागला, फक्त दाढी करताना वाचायचा थांबला.

लढत भर दुपारी होती, दूरदेशीच्या प्रेक्षकांच्या सोयीने. मी तिसऱ्या रांगेत होते, बाबांना शेजारणीकडे ठेवून. पहिल्या पाच फेऱ्यांत लोकांना विश्वास बसेना. कपाट पुढे सरकत होता आणि चॅम्पियन चक्क मागे जात होता. पण सहावीच्या शेवटी कोपर जरासं खाली आलं. सातवीत आणखी. आठवीत मी बघवेना म्हणून मान खाली घातली आणि तेवढ्यात तो आवाज ऐकला. ओला टॉवेल फरशीवर आपटल्यासारखा.

कपाट पडला होता. रेफरीने आठ मोजले तेव्हा तो उठला. नवव्या फेरीत पुन्हा पडला, आमच्याच बाजूच्या दोरांजवळ. चेहरा ओळखू येत नव्हता. मला बाबांची खुर्ची दिसली. मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. "उठू नकोस!" मी ओरडले. "राहा खाली! बास झालं!"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं माझ्या दिशेने नाही, थेट माझ्याकडे. मग दोर धरून तो उठला.

दहाव्या फेरीत चॅम्पियनच्या छातीचा भाता चालेनासा झाला, त्याला श्वास पुरेना. गेल्या तीन वर्षांत त्याला सहाव्या फेरीपलीकडे कोणी नेलंच नव्हतं. त्याचे हात खाली आले. माझ्या नवऱ्याने उजवा मारला, लांबून, कुठे लागतोय हे न बघता मारल्यासारखा. चॅम्पियन गुडघ्यावर बसला आणि बसूनच राहिला. रेफरीने दहा मोजले. सगळं सभागृह खुर्च्यांवर चढलं होतं.

पट्टा कमरेला बांधल्यावर निवेदकाने विचारलं, "अख्ख्या जगाने तुम्हाला हरलेलं धरलं होतं. तुमच्यावर विश्वास कोणाचा होता?"

"मामांचा," तो सुजलेल्या ओठांनी म्हणाला. "माझ्या आईचा. आणि सासऱ्यांचा."

कॅमेरा माझ्यावर आला. मी टाळ्या वाजवत होते. मी खूप जोरात टाळ्या वाजवत होते.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. तो बोलायला गोड राहिला, बाबांना भरवायचा, कोणी आलं की माझी चेष्टाही करायचा. पण जेवताना रिंगचं काही विचारेना. मी घड्याळ घेऊन जिममध्ये गेले तर मामाला म्हणाला, "तिला दमवू नका." चार महिन्यांनी एका सकाळी त्याने बॅग भरली.

"तू वाईट नाहीस," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं खरं बोल म्हणून. डोक्याला सगळं पटतं. पण मी खाली पडलो होतो गं, आणि वर बघितलं तर तू मला खाली राहा म्हणत होतीस."

"तू मरशील असं वाटलं मला."

"माहितीये."

तो त्याच्या आईकडे राहायला गेला. दर आठवड्याला बाबांसाठी फळं पाठवायचा. पिशवी दारात ठेवून माणूस निघून जायचा.

दहा महिन्यांनी त्याच चॅम्पियनशी, आता माजी चॅम्पियनशी, परतीची लढत ठरली. पंधरा दिवस आधी मामा रुग्णालयात आला. त्याने कोटातून पाकीट काढलं. "एकदा बघ."

मी आतली एक्स-रेची प्लेट उजेडावर लावली. दंडाचं हाड खांद्यात वर सरकलं होतं. त्याला खाली धरून ठेवणारे स्नायू फाटल्याशिवाय असं होत नाही.

"मामा, हा हात चालणारच नाही. तू लढत थांबव."

"मी सांगून थकलो. त्याला वाटतं, मागच्या वेळी असाच होता आणि तरी जिंकला. माझं ऐकत नाही तो." मामा स्टुलावर बसला. त्या दिवशी तो पहिल्यांदा मला म्हातारा दिसला. "तुझं ऐकेल."

"माझं?"

"तो विचारेल तुला. विचारल्याशिवाय राहणार नाही. मी ओळखतो त्याला."

लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी फोन आला. मी बाबांचे केस विंचरत होते.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

दहा महिन्यांत तो आवाज मी फक्त टीव्हीवर ऐकला होता. मी भिंतीला टेकले.

"या वेळी अकराच्या अकरा माझ्या बाजूने आहेत. पेपर बघितलास?"

"बघितला."

"झोप येत नाही मला. तुला काय वाटतं?"

नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं. खांदा पाहिला, हात गेला आहे, उद्या रिंगमध्ये उतरू नकोस. जिभेवर सगळं आलं होतं. पण मला वाटलं, पुन्हा नाही म्हटलं तर हा फोन ठेवेल आणि परत कधी करणार नाही. आणि मला वाटलं, मागच्या वेळी मी चुकलेच होते ना? मग आताही चुकेन. मी स्वतःला हे अर्ध्या मिनिटात पटवलं. अर्धं मिनिट पुरलं.

"जिंकशील," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. मला दिसतंय."

तिकडून मोठा श्वास ऐकू आला, आणि मग तो हसला. तेच जुनं, मजले वाढवणारं हसू. "परवा घरी येतो मग," तो म्हणाला. "जेवायला. बाबांना सांग."

मी खरंच बाजारात गेले. भाजी आणली, पलंगावर नवी चादर घातली.

लढत मी बाबांसोबत टीव्हीवर पाहिली. दुसऱ्या फेरीतच डावा हात लोंबायला लागला. खुंटीला अडकवलेल्या दोरीसारखा तो नुसता शरीराबरोबर हलत होता. कपाट पडला, उठला. पडला, उठला. मामाने टॉवेल उचलला, तर त्याने कोपऱ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. चौथ्यांदा उठताना तो हसत होता. पाचव्या फेरीत रेफरीने लढत थांबवली, तेव्हा तो उभा होता, पण भलत्याच दिशेला तोंड करून.

"जिंकेल पोरगा," बाबा म्हणाले.

मी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला रुग्णालयात भेटायला गेले. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी होती, हात छातीशी बांधलेला. मामा मला बघून बाहेर गेला.

"मामांनी सांगितलं," तो म्हणाला. "तू प्लेट बघितली होतीस."

"हो."

"मग तुला माहीत होतं."

"हो."

"मग तसं का म्हणालीस?"

"तू परत हवा होतास मला."

त्याने छताकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तिचं एक चाक करकरत होतं.

"मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, मार खाल्ल्यासारखं दुःख होतं. मग त्याने सावकाश मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. पट्टीचा डोळा माझ्या बाजूला आला.

डोळा गेला तो गेलाच. लढती संपल्या. खांद्याचं ऑपरेशन झालं, पण हात डोक्यापर्यंत पोचत नाही. तो आईजवळ राहतो. मुलांना शिकवायला मामा त्याला बोलावतो, तर म्हणतो, बघू.

तीन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. सासूबाईंनी दार उघडलं. त्या जरा गोंधळल्या.

"ये, सूनबाई. तो... बाहेर गेलाय गं. कधी येईल सांगता येत नाही."

"असू दे, आई. मी तुम्हालाच भेटायला आले."

त्यांनी चहा टाकला. आम्ही बाबांच्या औषधांबद्दल बोललो, सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल बोललो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दारातल्या चपलांमध्ये त्याचे बूट होते. एवढे मोठे बूट त्या घरात दुसऱ्या कोणाचे असणार? नाड्या सोडून सैल केलेल्या होत्या, एका हाताने घालता यावेत म्हणून.

सासूबाईंना मी त्या बुटांकडे बघताना दिसले. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि विचारलं, "आणखी थोडा घेशील?"

"हो," मी म्हणाले, आणि कप पुढे केला.