पाचवा फाउल

पंचाला सगळे शिट्टीमास्तर म्हणायचे. पठ्ठ्या सख्ख्या भावालाही सोडायचा नाही! आसपासच्या गावांची बास्केटबॉल लीग ऐन भरात होती तेव्हा हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नसायची; लोक खिडकीच्या गजांना लटकून मॅच बघायचे. अशाच एका फायनलमध्ये त्यानं धाकट्याला पाचव्या फाउलवर बाहेर काढलं. मॅच गेली, आणि धाकटा वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. आई आजारी पडली तेव्हासुद्धा दोघं तिच्या खाटेशी एकमेकांकडे पाठ करून बसलेले!

मग गिरणी बंद पडली. पोरं पोटापाण्यासाठी पांगली, एकेक संघ गळत गेला. हॉल फर्निचरच्या सेलला भाड्यानं जाऊ लागला. उरले दोन संघ, आणि आज दुपारी त्यांची शेवटची मॅच. पुढच्या वर्षी लीग नाही. धाकट्याच्या संघात जेमतेम पाच जण, त्यात हा पोट सुटलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला कप्तान.

मॅचआधी धाकट्याची बायको गुणफलकाच्या टेबलावरून उठून आली. "भाऊजी, आज तरी त्यांना शेवटपर्यंत खेळू द्या. पुन्हा अबोला नको हो. मधल्यामध्ये माझं डोकं उठतं."

"बघू," शिट्टीमास्तर म्हणाला. ह्या माणसाच्या तोंडी 'बघू' म्हणजे आक्रीतच. पण भाऊ पुन्हा तुटला, तर ह्या वयात जोडायला वेळ कुठे होता?

शेवटच्या मिनिटाला धाकट्याचा संघ एका गुणानं पुढे होता. समोरचा पोरगा बास्केटखाली उडाला आणि धाकट्यानं त्याचा हात सरळ धरून ठेवला. चेंडू रिंगला लागून बाहेर पडला. धाकट्याचा हा पाचवा फाउल, आंधळ्यालाही दिसला असता. शिट्टी दातांत होती, पण वाजली नाही. सगळे जागच्या जागी थांबले.

धाकटा धापा टाकत समोर येऊन उभा राहिला. "का रे दादा? कीव आली माझी?"

"खेळ पुढे."

"काय खेळू, कपाळ? तेव्हा काढलंस, कारण ती खरी मॅच होती. मग आज काय पोरखेळ चाललाय इथे? तेव्हा रागानं बोललो नाही. आज सोडलंस ना, तर लाजेनं बोलणार नाही."

शिट्टीमास्तरानं छाती भरून शिट्टी फुंकली आणि टेबलाकडे वळून पाची बोटं वर केली. धाकट्याच्या बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

धाकटा बाकावर जाऊन बसला आणि हॉल गच्च भरलेला असावा तसा उरलेल्या चौघांवर ओरडू लागला, "हात वर करा रे, हात वर!" भाऊ बाकाजवळून गेला तेव्हा मैदानावरची नजर न काढताच तो म्हणाला, "रात्री जेवायला घरी ये. आणि त्या पोराला फ्री थ्रो दोन दे, विसरशील."