नाव सापडले नाही

मित्रांनो, मला ना हात, ना पाय. तरी नाव सांगा, मी ठिकाण शोधून आणते. मी एक जुनं फंक्शन आहे, म्हणजे प्रोग्रामात एकच ठरावीक काम करणारा छोटा तुकडा; नाव गेटहोस्टबायनेम. माणसं संगणकांना नावं ठेवतात (दोन्ही अर्थांनी!), पण संगणक एकमेकांना आकड्यांनीच ओळखतात. म्हणून प्रोग्राम मला हाक मारतो. मी आधी घरातली यादी पाहते, मग सगळ्यांची नावं-पत्ते सांभाळणाऱ्या नेम सर्व्हरच्या दारी जाते आणि आकड्यांचा पत्ता पदरात घेऊन येते.

एके काळी माझ्यावाचून पान हलत नसे. पुढे नवे, लांब पत्ते आले. ते मला पेलेनात. पुस्तकांत माझ्या नावापुढे लिहिलं गेलं : 'वापरू नये.' तरी बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या एका दवाखान्याच्या जुन्या प्रोग्रामात मी अजून राबते आहे.

आज सकाळी चिखलोलीच्या ठमाबाई रक्ताच्या रिपोर्टासाठी आल्या. रिपोर्ट खरवईच्या लॅबमधून संगणकावर येतो. पण लॅबने आपल्या संगणकाचं नाव बदललं होतं. काउंटरवरच्या नेत्राने लॅबच्या सुजितला फोनवर नवं नाव विचारलं.

"खरवई," तो म्हणाला.

नेत्राने ते इंग्रजीत टाइप करताना 'व'साठी व्ही टाकला. मी यादी पाहिली, सर्व्हरच्या दारी गेले, रिकामी परतले. एका अक्षराचाही अंदाज बांधायची मला मुभा नाही.

"नाव सापडले नाही," नेत्राने पडद्यावरचं मोठ्याने वाचलं.

"माजा नाव नाय?" ठमाबाई पुटपुटल्या. "रेशनकार्डावरून पन आसाच गेलता."

नेत्राचं लक्ष फोनकडे. "सुजितदादा, होत नाहीये यार! लॅबला नाव तरी धड ठेवा!"

"कसं टाकलंस? व्ही की डब्ल्यू?"

"व्ही! खरवईला डब्ल्यू कोण लावतं?"

"आम्ही लावलाय ना."

अहो आजी, तुमचं नव्हे, संगणकाचं नाव! मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्या तोंडी आकड्यांखेरीज काही येत नाही. ठमाबाईंनी पिशवी उचलली आणि गुपचूप निघून गेल्या.

डब्ल्यू पडताच मी क्षणात पत्ता आणला. रिपोर्ट उघडला. डॉक्टर शलाकाबाई वाचता वाचता उभ्याच राहिल्या.

"पोटॅशियम केवढं वाढलंय! ती बीपीची गोळी आता एकसुद्धा घ्यायची नाही त्यांनी, जिवावर बेतेल. कुठेयत त्या?"

नेत्रा रिक्षा स्टँडपर्यंत धावली, धापा टाकत परतली. "शेअर रिक्षा सुटली, मॅडम."

"फोन नंबर?"

"त्यांच्याकडे फोनच नाही."

"पत्ता?"

नेत्राने केसपेपर उलटसुलट केला. "नुसतं चिखलोली. मीच लिहिलंय." तिला रडू फुटलं.

दोघी तशाच निघाल्या.

मित्रांनो, मला काढून खुशाल नवं फंक्शन बसवा. माझी तक्रार नाही. एवढंच करा : यंत्र 'नाही' म्हणालं, की ते कुणाच्या नावाला म्हणालं, हे समोरच्या माणसाला आधी सांगा.

चिखलोलीत आता टॉवरच टॉवर. त्यांच्यामधून जुन्या घरांची वाट विचारत दोघी दारोदार फिरत असतील. ठमाबाईंची गोळी दुपारच्या जेवणानंतरची आहे. संगणकाच्या घड्याळात एक वाजत आला आहे.